डग्लस ॲडम्सचे खेळ आणि सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डग्लस ॲडम्स कोण? मी त्याचं काहीच वाचलेलं नाही.

इंग्लंडमधल्या केंब्रिजला १९५२ साली जन्मलेला विज्ञानकथा-लेखक. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसी रेडिओ ४ वर त्याची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही श्रुतिकामालिका सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिची कादंबरी आली. आर्थर डेंट नावाच्या साध्या माणसाचं घर बाह्यवळण रस्त्यासाठी पाडायला येतात, आणि त्याच दिवशी अंतराळातला महामार्ग काढण्यासाठी अख्खी पृथ्वी पाडली जाते. आर्थर अंगावरच्या गाऊननिशी अवकाशात जाऊन पडतो. वाटेत त्याला आधार असतो तो एका इलेक्ट्रॉनिक पुस्तकाचा. ते खिशात मावतं, विश्वातल्या सगळ्या गोष्टींची माहिती देतं आणि त्याच्या मुखपृष्ठावर ठळक लिहिलेलं असतं: घाबरू नका.

हे पुस्तक लक्षात ठेवा. ॲडम्सने संगणकावर जे जे केलं, ते फिरून फिरून याच पुस्तकापाशी येतं.

त्याला प्रोग्रामिंग येत होतं का?

व्यावसायिक प्रोग्रामर तो कधीच नव्हता. पण यंत्रांचं वेड जबरदस्त. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लिखाणासाठी पहिलं यंत्र घेतलं आणि मग एकामागून एक घेतच गेला. मॅकिंटॉश आल्यावर तर तो त्याच्या प्रेमातच पडला. युरोपात पहिला मॅक ॲडम्सने घेतला आणि दुसरा आपण, असं त्याचा मित्र, अभिनेता-लेखक स्टीफन फ्राय सांगत आला आहे. मॅकला वाहिलेल्या मासिकांत ॲडम्स सदरं लिहायचा. प्रत्येक उपकरणाला वेगळा चार्जर का लागतो, अशी कळकळीची तक्रार त्याने १९८९ सालीच करून ठेवली आहे. ‘डर्क जेंटली’ या त्याच्या दुसऱ्या मालिकेतल्या पहिल्या कादंबरीची अक्षरजुळणीही त्याने स्वतः मॅकवर केली होती. म्हणजे कोड दुसऱ्याचा असला, तरी यंत्राशी त्याची रोजची ऊठबस होती. खेळ लिहिताना त्याला तीच उपयोगी पडली.

‘गाइड’वरचा खेळ कसा आहे? त्यात चित्रं का नाहीत?

कारण तो शब्दांचा खेळ आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या इन्फोकॉम कंपनीने तो काढला. पडद्यावर मजकूर येतो: अंधार आहे, डोकं ठणकतं आहे. खाली तुम्ही टाइप करायचं: दिवा लाव. मग पुढचा मजकूर येतो. उठायचं, गाऊन घालायचा, त्याच्या खिशातली डोकेदुखीची गोळी घ्यायची, आणि तेवढ्यात बाहेर बुलडोझर येऊन उभा राहिलेला असतो.

इन्फोकॉमकडून स्टीव्ह मेरेत्स्की हा तरुण खेळरचनाकार ॲडम्सच्या जोडीला होता. त्याचा ‘प्लॅनेटफॉल’ हा विनोदी विज्ञान-खेळ नुकताच, १९८३ साली, गाजला होता. ॲडम्स इंग्लंडमध्ये, मेरेत्स्की अमेरिकेत, आणि दोघांमध्ये रोजच्या रोज ई-मेल. १९८४ साली! पण ॲडम्स दिलेल्या तारखा न पाळण्याबद्दल प्रसिद्ध होता. शेवटी मेरेत्स्की विमानाने डेव्हनला गेला आणि तिथल्या एका जुन्या हवेलीवजा हॉटेलात समोरासमोर बसून दोघांनी उरलेला आराखडा पुरा केला. कोड लिहिला मेरेत्स्कीने, इन्फोकॉमच्या स्वतःच्या ‘झिल’ या भाषेत. तो चालायचा ‘झेड-मशीन’ या काल्पनिक संगणकावर. ॲपल टू, कमोडोर ६४, आयबीएम पीसी, मॅक अशा प्रत्येक यंत्रासाठी या काल्पनिक संगणकाची नक्कल तेवढी लिहायची, खेळाची फाइल तीच. आज चाळीस वर्षांनी तो खेळ फोनवरही चालतो तो या दूरदृष्टीमुळे.

खेळ तुफान खपला, साडेतीन लाखांच्या घरात. पण मला खपापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. तोवर अशा खेळांत मजकूर सांगणारा आवाज बहुतेक तटस्थ असायचा. खोली अशी आहे, दार तिकडे आहे, संपलं. ॲडम्सने त्या आवाजाला पुरता स्वभाव दिला. तो खेळाडूला टोमणे मारतो, मध्येच विषयांतर करतो आणि चक्क खोटंही बोलतो. अवकाशयानाच्या इंजिनखोलीत जाऊ लागलात की तो तुम्हाला परतवू पाहतो. हट्ट धरला तर नाइलाजाने आत सोडतो, आणि आत बघण्यासारखं काही नाही म्हणून सांगतो. पुन्हा पुन्हा बघत राहिलात की मग कुठे कबूल करतो. यंत्रालाच कथेतलं पात्र करण्याची ही कल्पना एका कादंबरीकाराची आहे.

बॅबल फिशचं कोडं एवढं प्रसिद्ध का?

(ज्यांना स्वतः सोडवायचं आहे त्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जावं.)

बॅबल फिश म्हणजे कानात घातला की विश्वातली कोणतीही भाषा समजू लागते असा छोटा मासा. परग्रहवासीयांच्या यानात तो एका यंत्रातून मिळतो. बटण दाबायचं, की मासा बाहेर येतो. इतकं सोपं.

बटण दाबलं. मासा यंत्रातून सुसाट निघाला, खोली ओलांडून समोरच्या भिंतीतल्या भोकात गेला. भोकाच्या वर एक हुक आहे. म्हणून तुम्ही अंगातला गाऊन काढून हुकाला अडकवता आणि पुन्हा बटण दाबता. या वेळी मासा गाऊनवर आपटतो, बाहीतून घरंगळत खाली येतो आणि जमिनीतल्या मोरीच्या जाळीतून नाहीसा होतो. जाळीवर टॉवेल पसरता. आता मासा टॉवेलवर पडतो खरा, पण कुठूनसा एक सफाई करणारा छोटा यंत्रमानव येतो आणि तो उचलून भिंतीच्या तळाशी असलेल्या झडपेतून पसार होतो. झडपेसमोर मित्राची झोळी ठेवता. यंत्रमानव झोळीवर धडकतो, मासा हवेत उडतो, आणि खोलीच्या वरच्या निम्म्या भागाची सफाई करणारा दुसरा, उडता यंत्रमानव त्याला झेलून नेतो. शेवटी झोळीवर जाहिरातींच्या टपालाचा गठ्ठा ठेवायचा. धडक बसली की कागदच कागद हवेत, उडता यंत्रमानव ते गोळा करण्यात गुंतलेला, आणि मासा अलगद तुमच्या कानात.

यंत्रात मासे मोजकेच असतात. आणि ते टपाल खेळाच्या अगदी आरंभी आर्थरच्या घराच्या दारात पायपुसण्यावर पडलेलं असतं. पृथ्वी नष्ट होण्याआधी उचललं नसेल, तर परत सुरुवातीपासून. ज्यांना हे सुटलं त्यांच्यासाठी इन्फोकॉमने ‘मला बॅबल फिश मिळाला’ असं छापलेले टी-शर्टही विकले.

मी २००४ साली हे कोडं पुण्यात, वसतिगृहातल्या खोलीत, तिघा मित्रांसोबत सोडवलं. रात्री सव्वादोनला. एक जण वही घेऊन बसला होता आणि मासा कुठे गेला त्याची रेघ काढत होता. उडता यंत्रमानव आला तेव्हा आम्ही इतक्या जोरात हसलो की शेजारचा मुलगा दार वाजवायला आला आणि मग तोही बसला. प्रत्येक उपाय बरोबर असतो आणि प्रत्येक उपायाने नवी अडचण उभी राहते. ॲडम्सच्या विनोदाची हीच चाल आहे. पुस्तकात ती आपण वाचतो; इथे ती आपल्या हातून घडते.

हा खेळ अन्यायकारक आहे असं म्हणतात. खरं का?

खरं आहे. सुरुवातीला गुत्त्यातून सँडविच घेऊन वाटेवरच्या कुत्र्याला घातलं नाही, तर खूप पुढे गेल्यावर तुम्ही ज्या अतिसूक्ष्म आरमारात असता ते आरमार तोच कुत्रा गिळून टाकतो. तेव्हा कळण्याला काही अर्थ उरत नाही. आज कोणी असा खेळ काढला तर लोक परत करतील. मला स्वतःला टपालाची शिक्षा कठोर वाटते, कारण तिथे काही इशाराच नाही. कुत्र्याची मात्र मी बाजू घेईन. कादंबरीत पेरलेली गोष्ट दोनशे पानांनी उगवते तेव्हा आपल्याला आनंद होतो. इथेही तेच आहे, फक्त पेरणी आपल्यावर सोपवलेली आहे.

‘चहा नाही’ हा काय प्रकार आहे?

जवळच्या वस्तूंची यादी मागितली की खेळ सांगतो, तुझ्याकडे आहे: ठणकणारं डोकं, आणि ‘चहा नाही’. म्हणजे चहाचं नसणं हीसुद्धा एक वस्तू. शेवटाकडे एक दार तुमची बुद्धिमत्ता सिद्ध करायला सांगतं, आणि त्यासाठी तुमच्याकडे एकाच वेळी चहा आणि ‘चहा नाही’ असे दोन्ही असावे लागतात. ते जमावं म्हणून आर्थरच्या मेंदूत शिरून तिथला व्यवहारज्ञानाचा कण काढून टाकावा लागतो. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक वस्तू म्हणजे एक नोंद, मग नसण्याचीही नोंद का असू नये? हा विनोद कागदावर झालाच नसता.

खोक्यात खरोखर रिकामी पिशवी मिळायची?

हो. खेळाच्या खोक्यात फ्लॉपीबरोबर इतर वस्तू देण्याची इन्फोकॉमची पद्धतच होती. या खोक्यात खिशातल्या धाग्यांचा बोळा होता, ‘घाबरू नका’चा बिल्ला होता, संकट आलं की काळा होणारा चष्मा होता (पुठ्ठ्याचा आणि आधीपासूनच काळा), घर आणि पृथ्वी पाडण्याचे दोन वेगवेगळे हुकूम होते, आणि अतिसूक्ष्म आरमार असलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. आरमार दिसत नाही, कारण ते अतिसूक्ष्म आहे.

‘ब्युरोक्रसी’ हा खेळ कशाबद्दल आहे?

पत्ता बदलण्याबद्दल. ॲडम्सने घर बदललं आणि नवा पत्ता बँकेच्या गळी उतरवता उतरवता त्याच्या नाकी नऊ आले. त्या अनुभवातून १९८७ सालचा हा खेळ आला. सुरुवातीलाच तुमच्याकडून एक लांबलचक अर्ज भरून घेतला जातो आणि त्यातली माहिती पुढे तुमच्याच विरुद्ध वापरली जाते. तुमचा रक्तदाब सतत मोजला जातो. चुकीचं टाइप केलंत की तो चढतो, आणि फार चढला की खेळ संपला.

आपल्याकडे ज्याने रेशनकार्डावर नवा पत्ता चढवण्यासाठी वीजबिल, आणि वीजबिलावर नवा पत्ता चढवण्यासाठी रेशनकार्ड दाखवलं आहे, त्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. काम मात्र रखडत गेलं, ॲडम्सचं लक्ष दुसरीकडे गेलं, आणि इन्फोकॉममधल्या बऱ्याच जणांनी हातभार लावून तो पुरा केला. जोड कुठे कुठे दिसतात. तरी पहिला भाग जरूर खेळावा.

‘लॅबरिन्थ’मध्ये त्याचा काय हात होता?

थोडाच. त्याच नावाच्या चित्रपटावरून लुकासफिल्मच्या खेळविभागाने १९८६ साली काढलेला हा खेळ. त्यांची मंडळी इंग्लंडला जाऊन आठवडाभर ॲडम्सबरोबर कल्पना लढवत बसली. खेळ नुसत्या मजकुरात सुरू व्हावा आणि कथा रंगात आल्यावर पडदा चित्रांनी भरून जावा, ही सूचना त्याची.

‘गाइड’च्या खेळाचा दुसरा भाग का आला नाही?

ठरला होता, कामही सुरू झालं होतं. पण १९८६ साली इन्फोकॉम ॲक्टिव्हिजन या दुसऱ्या खेळकंपनीने विकत घेतली, शब्दांच्या खेळांचा बाजार चित्रांच्या खेळांनी खाल्ला आणि १९८९ साली इन्फोकॉम बंदच झाली.

‘स्टारशिप टायटॅनिक’ खेळण्यासारखा आहे का?

आहे, संयम असेल तर. १९९०च्या दशकात ॲडम्सने काही सहकाऱ्यांबरोबर ‘द डिजिटल व्हिलेज’ ही कंपनी काढली. तिचा हा मोठा खेळ १९९८ साली तीन सीडींवर आला. तुम्ही घरी संगणकापुढे बसलेले असता आणि छत फोडून एक अवाढव्य आलिशान अवकाशयान घरात घुसतं. आत तुम्हाला तिसऱ्या वर्गाची खोली मिळते. तिथून पहिल्या वर्गापर्यंत बढती मिळवत जायचं आणि जहाजाच्या बिघडलेल्या बुद्धीचे इकडेतिकडे विखुरलेले भाग जुळवायचे.

त्या काळात ‘मिस्ट’सारख्या खेळांची चलती होती. सुंदर बेटं, सुंदर वाडे, आणि सगळीकडे शुकशुकाट. ॲडम्सला त्या सुंदर जगात बोलायला कुणीतरी हवं होतं. म्हणून या जहाजावर दारवान, लिफ्टवाला, बारवाला, हमाल असे यंत्रमानव आहेत, एक पोपट आहे, आणि तुम्ही टाइप कराल त्याला ते आवाजात उत्तर देतात. त्यासाठी ‘स्पूकीटॉक’ नावाची संवादप्रणाली लिहून घेतली आणि नटांकडून दहा हजारांवर वाक्यं ध्वनिमुद्रित केली. पोपटाचा आवाज ‘माँटी पायथन’ या विनोदी चमूतल्या टेरी जोन्सचा. जहाजावर एक बॉम्बही आहे, त्याचा आवाज त्याच चमूतल्या जॉन क्लीझचा. तो हजारापासून उलटे आकडे मोजतो आणि मध्येच त्याच्याशी बोललं की त्याची मोजणी चुकते. मग बिचारा पुन्हा हजारावर. मी एकदा फक्त त्याला बोलतं ठेवण्यासाठी अर्धा तास घालवला आहे.

यंत्रमानवांना तुमचं बोलणं खरोखर समजतं का? आजच्या अर्थाने नाही. वाक्यातले शब्द आणि रचना ओळखून ते साठवलेल्या उत्तरांतून जुळेलसं उत्तर निवडतात. पुष्कळदा ते विषयाला सोडून असतं. पण यंत्रमानव बिघडलेले आहेत, विसराळू आहेत, तऱ्हेवाईक आहेत असं कथेतच ठरवल्यामुळे चुकलेलं उत्तरही त्यांच्या स्वभावात बसतं. यंत्राची मर्यादा पात्राच्या स्वभावात मुरवून टाकणं ही मला या खेळातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. कोडी मात्र बरीच विस्कळीत आहेत.

त्यावरची कादंबरी टेरी जोन्सने का लिहिली?

खेळ आणि कादंबरी बरोबरच द्यायचं ठरलं होतं आणि ॲडम्सला दोन्ही जमेना. त्याने खेळ निवडला. कादंबरी जोन्सने काही आठवड्यांत लिहून दिली.

एचटूजीटू म्हणजे काय? विकिपीडियाची ही मूळ कल्पना का?

हिचहायकर्स गाइडच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे एका संकेतस्थळाचं नाव. २८ एप्रिल १९९९ रोजी डिजिटल व्हिलेजने हा प्रकल्प सुरू केला: पृथ्वीची ‘गाइड’, सर्वसामान्य माणसांनी लिहिलेली. लिहिणाऱ्यांना ‘संशोधक’ म्हणायचे, लेख एकमेकांना दाखवून सुधारायचे, आणि निवडक लेख संपादित ‘गाइड’मध्ये जायचे. लंडनमध्ये बरा चहा कसा करावा यावरही लेख चालत असे, फक्त तो नीट लिहिलेला हवा. फोनवर वाचता यावी म्हणून वॅप (त्या काळच्या साध्या फोनवरचं इंटरनेट) आवृत्तीही काढली होती. खिशातली गाइड!

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, म्हणजे एचटूजीटू जवळजवळ दोन वर्षांनी थोरला. पण मूळ कल्पना म्हणणं बरोबर नाही, कारण विकिपीडिया वेगळ्या वाटेने आला. तिथे कोणीही कोणाचाही लेख लगेच बदलू शकतो आणि लेखकाने स्वतःचं मत बाजूला ठेवायचं असतं. एचटूजीटूवर लेख लेखकाचा असतो आणि त्याचा आवाज त्यात ऐकू येतो. माहितीसाठी पहिली पद्धत जिंकली, आणि ते योग्यच झालं. तरी एखाद्या गावाबद्दल तिथल्याच माणसाने आपल्या भाषेत, आपल्या जिव्हाळ्याने लिहिलेलं वाचायची भूक विकिपीडियाने भागत नाही.

पैसे आटल्यावर २००१च्या सुरुवातीला बीबीसीने एचटूजीटू आपल्याकडे घेतलं, २०११ साली सोडून दिलं, आणि आता ते त्याच्या जुन्या सभासदांनी पुढाकार घेतलेल्या कंपनीकडे आहे.

या जोडधंद्यांपायी त्याच्या कादंबऱ्या राहिल्या का?

हा प्रश्न मला दर वेळी थोडा बोचतो. हिशेब सरळ आहे: १९७९ ते १९९२ या काळात त्याच्या सात कादंबऱ्या आल्या, आणि त्यानंतर ११ मे २००१ रोजी, वयाच्या अवघ्या ४९व्या वर्षी, कॅलिफोर्नियात हृदयविकाराने तो गेला तोवर एकही पुरी झाली नाही. अपुरी राहिलेली पानं २००२ साली ‘द सॅमन ऑफ डाउट’मध्ये आली.

पण एकट्याने खोलीत बसून लिहिणं त्याला कायमच छळायचं. १९८४ साली एक कादंबरी पुरी करून घेण्यासाठी संपादक सनी मेहता त्याच्याबरोबर हॉटेलात ठाण मांडून बसला होता. तेव्हा डिजिटल व्हिलेज कुठे होतं? रेडिओ, खेळ, एचटूजीटू या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे माणसं. समोर मेरेत्स्की असला, नट असले, चित्रकार असले की त्याची कळी खुलायची. म्हणून ‘जोडधंदा’ हा शब्द मी सवयीने वापरतो, पण तो मला पटत नाही. बोलणारं, चुका करणारं, आपल्याशी हुज्जत घालणारं यंत्र त्याने आधी कागदावर लिहिलं आणि मग उरलेलं आयुष्य ते खरं करून बघितलं.

आज हे खेळ कुठे खेळता येतील?

‘गाइड’चा खेळ बीबीसीने २००४ साली चित्रांसह फुकट खुला केला. त्या आवृत्तीला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. २०१४ साली तिची सुधारित आवृत्ती आली. इन्फोकॉमच्या जुन्या फाइली ‘फ्रॉट्झ’सारख्या झेड-मशीनच्या नकलांवर चालतात. खेळाचा मूळ कोड २०१९ साली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आला. प्रोग्रामर असाल तर मासा उडवणारा भाग स्वतः वाचून बघा. ‘स्टारशिप टायटॅनिक’ जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर विकत मिळतो.

मराठीत असा खेळ करता येईल का?

मी गेले काही महिने तेच करून बघतो आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

नुसते दुवे दाबून पुढे जायचा खेळ हवा असेल तर ‘ट्वाइन’ हे साधन घ्या; देवनागरी त्यात बिनतक्रार चालते. पण टाइप केलेलं मराठी यंत्राला कळायला हवं असेल, तर गोष्ट वेगळी. इंग्रजीत आज्ञेच्या तोंडालाच क्रियापद येतं आणि नाम सहसा तसंच राहतं. आपल्याकडे क्रियापद बहुधा शेवटी, आणि बाकीचे शब्द हवे तसे फिरतात. ‘टॉवेल जाळीवर ठेव’, ‘जाळीवर टॉवेल ठेव’, ‘ठेव तो टॉवेल जाळीवर’ हे तिन्ही चालायला हवं. त्यात सामान्यरूप. वस्तूचं नाव ‘मासा’, पण खेळाडू टाइप करणार ‘माशाला’. कुत्रा आणि कुत्र्याला, पाकीट आणि पाकिटात. प्रत्यय नुसता तोडला तर ‘माशा’ उरतो, आणि यंत्र माशी शोधायला लागतं. शेवटी मी प्रत्येक वस्तूची दोन्ही रूपं हाताने लिहिली. चाळीस वस्तूंना एक रविवार गेला.

मग लिंग. मासा सरकला, झोळी सरकली, पाकीट सरकलं. आणि खेळाडूला काय म्हणायचं, ‘तू उठलास’ की ‘तू उठलीस’? मी वर्तमानकाळात शिरून सुटका करून घेतली: तू उठतेस किंवा उठतोस, इथेही तोच घोटाळा, म्हणून ‘तुम्ही उठता’. आदरार्थी बहुवचन कामाला आलं.

आणि ‘चहा नाही’? इंग्रजीत तो वस्तूसारखा वाटतो. मराठीत ‘तुमच्याकडे चहा नाही’ म्हटलं की ते साधं वाक्य होतं, विनोद विरघळून जातो. बरेच दिवस अडलो. आता मी ‘बिनचहा’ हे नाम केलं आहे. ‘तुमच्याकडे आहे: एक टॉवेल, थोडा बिनचहा.’ मला ते बरं वाटतं आहे.

मागच्या आठवड्यात भाचीला खेळायला बसवलं. नऊ वर्षांची आहे. कुत्र्यापाशी पोचल्यावर तिने टाइप केलं: ‘कुत्र्याला सँडविच नको, पोळी दे’. यंत्राने सँडविच दिलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, याला नको म्हटलेलं कळतच नाही का?”

सध्या मी त्याला ‘नको’ शिकवतो आहे.